चाकांचा लाईट स्टँड घ्यावा का? आधी जमीन बघा, मग चाकं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही कुडाळ-सावंतवाडी भागात लग्नं, मुंजी, साखरपुडे आणि शाळांची गॅदरिंग करता. हाताखाली एकच मुलगा आहे. बॅटरीवरचा फ्लॅश आणि 90 सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी कापडी पेटी) साध्या स्टँडवर लावता, आणि तो स्टँड उचलून इकडचा तिकडे करेपर्यंत हवा तो क्षण निघून जातो. म्हणून चाकांचा स्टँड घ्यायचा विचार आहे. कुठला घ्यावा, तो बाहेर चालेल का आणि बाईकवरून नेता येईल का, हे तुम्हाला हवंय.

माझं उत्तर आधी सांगते आणि मग कारणं. चाकं घ्या, पण कायमची जोडलेली घेऊ नका. रुंद पायांचा, गोल पाइपचा दणकट साधा स्टँड घ्या आणि त्याच्या पायांत बसणारी, हवी तेव्हा काढता येणारी चाकं वेगळी घ्या. आपल्याकडच्या कामात चाकांचा खरा उपयोग मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये होतो. खळ्यातल्या, म्हणजे घरापुढच्या अंगणातल्या, मांडवात तो अर्धामुर्धा होतो, आणि किनाऱ्यावर तर अजिबात होत नाही. त्यामुळे तुमची किती कामं कुठे होतात यावर बरंच अवलंबून आहे. वर्षातली बहुतेक कामं हॉलमध्ये असतील तर पैसे वसूल. बहुतेक कामं घरच्या मांडवातली असतील, तर तेच पैसे वजनाच्या पिशव्यांवर आणि एका चांगल्या लांब दांड्यावर घाला.

तुमची खरी अडचण काय आहे तेही बघा. स्टँड हलवायला वेळ लागतो असं तुम्ही म्हणता, पण उचलायला असे किती सेकंद लागतात? वेळ खरा जातो तो हलवल्यानंतर. उजेडाचं अंतर बदलतं, म्हणून एक्स्पोजर (फोटो किती उजळ येतो ते) बदलतं, म्हणून पुन्हा एक-दोन फोटो काढून बघावे लागतात. फ्लॅशपासून चेहऱ्यापर्यंतचं अंतर 2 मीटरचं 3 मीटर झालं की उजेड निम्म्याहूनही कमी होतो. 4 मीटर झालं की पाव राहतो. चाकांचा स्टँड हातात धरून माणसांबरोबर सरकवला तर हे अंतर तेवढंच ठेवता येतं, आणि सेटिंगला हात लावावा लागत नाही. चाकांचा मोठा फायदा मी हाच मानते. नवरा-नवरी स्टेजवरून उतरून आजीच्या पाया पडायला चालली की मुलगा स्टँड घेऊन त्यांच्या बाजूने चालतो, मी पुढून शूट करते, आणि पॉवर सुरुवातीला लावलेली असते तीच राहते.

ग्रुप फोटोत याचा दुसरा उपयोग होतो. दोन रांगा असतील तर लाईट मागे ओढायचा. पहिली रांग 2 मीटरवर आणि मागची 3 मीटरवर असेल तर मागच्यांना निम्म्याहून कमी उजेड मिळतो. तोच लाईट 4 मीटरवर नेला तर मागची रांग 5 मीटरवर येते आणि तिला पुढच्या रांगेच्या जवळपास दोन तृतीयांश उजेड मिळतो. चेहरे सारखे दिसतात. पॉवर अर्थात वाढवावी लागते. 200 वॅटसेकंदांचा (हे फ्लॅशच्या ताकदीचं माप) फ्लॅश सॉफ्टबॉक्ससह यात दमतो, तेव्हा आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, वाढवायला संकोच करू नका.

आता जमीन. कोकणात एकाच लग्नात चार प्रकारची जमीन भेटते. हॉलमध्ये गुळगुळीत टाइल्स, स्टेजसमोर कार्पेट, बाहेर चिऱ्याची किंवा पेव्हर ब्लॉकची फरसबंदी, आणि घरी हळदीला सारवलेलं खळं. टाइल्सवर कुठलंही चाक पळतं. कार्पेटच्या कडेला, व्हिडिओवाल्यांच्या वायरीवर टाकलेल्या रबरी पट्टीला किंवा उंबऱ्याला लहान चाक अडतं. खालचा भाग जागच्या जागी थांबतो आणि वरचा सॉफ्टबॉक्स मात्र पुढे जातो. स्टँड पडतो तो असा. 15 मिलिमीटरचा उंचवटा चढायला 100 मिलिमीटर व्यासाच्या चाकाला 50 मिलिमीटरच्या चाकाच्या निम्म्याहून कमी जोर लागतो. म्हणून चाक 75 मिलिमीटरपेक्षा लहान घेऊ नका, 100 मिळालं तर उत्तम. चाकाचा रबर मऊ आणि करड्या रंगाचा असावा. नायलॉनची कडक चाकं मंगलाष्टकांच्या मध्ये टाइल्सवर खडखडतात आणि भटजींसकट सगळे वळून बघतात. काळ्या रबराचे डाग पांढऱ्या फरशीवर पडले तर कार्यालयाचा मालक पुढच्या वेळी दारातच अडवतो.

अजून एक गोष्ट कुठल्याही कंपनीच्या माहितीपत्रकात सापडणार नाही, ती म्हणजे अक्षता. अंतरपाट दूर झाला की क्षणात सगळी फरशी तांदळांनी भरते. तो दाणा चाकाखाली आला की ब्रेक लावलेलं चाकसुद्धा फरशीवरून घसरतं, कारण रबर फरशीला टेकतच नाही. शिवाय हारांचे दोरे, गजऱ्याचा धागा आणि लांब केस चाकाच्या आसाभोवती गुंडाळले जातात. दोन-तीन लग्नांत चाक जड फिरायला लागतं आणि लोकांना वाटतं बेअरिंग गेलं. बॅगेत एक चिमटा आणि एक छोटी कात्री ठेवा. दर लग्नानंतर स्टँड आडवा करून चाकातले दोरे कापून काढायचे. अक्षता पडायच्या वेळी मी स्टँड हलवतच नाही. मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधी तो नवरीच्या बाजूला, लोकांची लाट जिथून पुढे येणार नाही अशा कोपऱ्यात नेऊन ब्रेक लावून ठेवते. गर्दी ओसरली आणि कुणीतरी केरसुणी फिरवली की मग पुन्हा चाकं मोकळी करते.

आता उंचीकडे येते, कारण तुमच्यासारख्या कामात धोका तिथेच आहे. हॉलचं स्टेज साधारण अडीच-तीन फूट उंच असतं. त्यावर साडेपाच फुटांचा माणूस, आणि लाईट त्याच्या डोक्याच्या वर फूट-दीड फूट हवा. म्हणजे खालून बघितलं तर लाईट 3 मीटरच्या आसपास जातो. एवढ्या उंचीवर सॉफ्टबॉक्स आणि खाली तीन पाय. तीन पायांच्या स्टँडचा पाया दिसतो तेवढा रुंद नसतो. पायांची टोकं मधल्या दांड्यापासून 50 सेंटिमीटरवर असली, तरी स्टँड दोन पायांच्या मधल्या बाजूला कलंडतो तेव्हा त्याला आधार फक्त 25 सेंटिमीटरचा मिळतो. पाच पायांच्या पायाला त्याच मापात 40 सेंटिमीटरचा आधार मिळतो. पण फोटोग्राफीसाठी मिळणारे चाकांचे स्टँड बहुतेक तीन पायांचेच असतात, म्हणून राहिलेली कसर वजनाने आणि पायाच्या दिशेने भरून काढावी लागते. सॉफ्टबॉक्स ज्या बाजूला झुकलाय त्याच्या बरोबर खाली एक पाय यायला हवा, दोन पायांच्या मधली फट नव्हे. हेल्परला पहिल्या दिवशी शिकवायची गोष्ट हीच.

वजन शक्य तितकं खाली, पायांच्या आडव्या पट्ट्यांवर टेकवून ठेवायचं. वर दांडा आवळायच्या मुठीला पिशवी लटकवली तर ढकलताना ती झोके घेते आणि स्टँडला स्वतःच हिसके देते. आणि हलवताना दांडा डोक्याच्या उंचीपर्यंत खाली घ्यायचा. हे सांगायला सोपं आणि गडबडीत पाळायला अवघड आहे, पण 3 मीटरवर लाईट ठेवून स्टँड ढकलणं हे मुलं धावतायत अशा हॉलमध्ये करायचंच नाही. माझा नियम असा आहे की डोक्याच्या उंचीच्या वर लाईट असेल तर ब्रेक लावलेलेच पाहिजेत आणि कुणाचा तरी हात दांड्यावर पाहिजे. लाकडी फळ्यांच्या स्टेजवर तर चाकांचा स्टँड चढवूच नका. वीस माणसं फोटोला चढली की फळ्या हलतात आणि ब्रेक असूनही चाक सरकतं.

मांडवाबद्दल वेगळं लिहावं लागेल. घरच्या लग्नात ऑफ कॅमेरा, म्हणजे कॅमेऱ्यापासून वेगळा ठेवलेला, लाईट हवाच, कारण तिथे फ्लॅश बाउन्स करायला, म्हणजे छतावर आपटून उजेड परतवायला, काही नसतं. मांडवाचं कापड लाल-पिवळं असलं तर चेहरे त्याच रंगाचे होतात. पडवीत वर काळपट वासे आणि कौलं, ती उजेड गिळून टाकतात. वर झावळ्या असतील तर विचारायलाच नको. म्हणजे स्टँडची गरज हॉलपेक्षा इथे जास्त, आणि चाकांची सोय मात्र सगळ्यात कमी. सारवलेल्या खळ्यात चाकाची रेघ उमटते, सारवण उखडतं, आणि घरातल्या बाईने पहाटे उठून सारवलेली जमीन आपण खराब करायची नसते. चिऱ्याच्या फरसबंदीत दोन चिऱ्यांमधली सांध चाकाला बरोबर पकडते. अशा ठिकाणी चाकं काढून ठेवा. स्टँड एका खांबाशी उभा करा आणि मांडवाच्या खांबाला दोरीने बांधून टाका. तिथे स्थिर लाईट एकच ठेवायचा, मांडवाच्या कोपऱ्यात उंच, आणि हलता लाईट माणसाच्या हातात द्यायचा.

होय, माणसाच्या हातात. मोनोपॉडच्या (कॅमेऱ्याच्या एकपायी स्टँडच्या) किंवा रंगाऱ्यांच्या लांब दांड्याच्या टोकाला 16 मिलिमीटरचा खुंटा बसवून त्यावर 200 वॅटसेकंदांचा फ्लॅश आणि हलकी, लहान छत्री लावली की तुमचा मुलगा कुठेही पोचतो. विहिरीच्या कठड्याशी, तुळशीजवळ, न्हाणीघराच्या दारात, जिथे तीन पाय उघडायला जागाच नाही तिथेही. असा लाईट एक-दीड किलोचा होतो आणि मधे मधे दांडा जमिनीवर टेकवला तर हात भरून येत नाही. मी घरच्या हळदीला चाकांचा स्टँड गाडीतून उतरवतसुद्धा नाही. तुमच्याकडे मुलगा आहेच, म्हणून आधी त्याला हे शिकवा: फ्लॅश चेहऱ्यापासून दांड्याच्या लांबीएवढा लांब, डोळ्यांच्या रेषेच्या वर, आणि नाकाची सावली ओठाला टेकली तर दांडा थोडा खाली. दोन लग्नांत तो शिकेल.

आता किनारा. तुम्ही विचारलंय की तारकर्ली-भोगवेला प्री-वेडिंग करताना चाकांचा स्टँड चालेल का. नाही. चाक कोरड्या वाळूत रुततं आणि ओल्या वाळूत लाट आली की त्याच्याखालची वाळू निघून जाते. पण त्याहून मोठा प्रश्न वाऱ्याचा आहे आणि तो जरा हिशेब करून समजून घ्या. दुपारपासून समुद्राकडून खारे वारे सुरू होतात. ताशी 18 किलोमीटरचा वारा अंगाला फक्त छान वाटतो. तोच वारा तुमच्या 90 सेंटिमीटरच्या सॉफ्टबॉक्सवर समोरून आला तर साधारण एक किलोहून थोडा जास्त जोर देतो. अडीच मीटर उंचीवर तो जोर म्हणजे पायाशी पावणेतीन किलो-मीटरची (किलो गुणिले मीटर) कलंडण. समजा स्टँड, फ्लॅश आणि पिशवी मिळून 10 किलो आहेत. वर सांगितलेल्या 25 सेंटिमीटरच्या आधारावर ते अडीच किलो-मीटरच तोलू शकतात. म्हणजे स्टँड पडला. अजून 10 किलो घातले तर टिकेल. पण वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, आणि मग चाळीसच्या वर किलो लागतात, जे कुणी नेत नाही. म्हणून झुळूक वाढली की सॉफ्टबॉक्स काढायचा आणि उघडा फ्लॅश छोट्या रिफ्लेक्टरसह जवळून वापरायचा. उजेड कडक येतो, पण सूर्य मागे असताना तो खपून जातो. सूर्यास्ताच्या वेळी, म्हणजे नेमके आपल्याला फोटो हवे असतात तेव्हा, वारा बऱ्याचदा पडलेला नसतो. मतलई वारे सुरू व्हायच्या आधी मध्ये जो शांत वेळ येतो तो उजेड गेल्यावर येतो. त्यावर विसंबून बेत आखू नका.

किनाऱ्यावर वजन घरून न्यायची गरज नाही. रिकाम्या जाड पिशव्या न्या, तिथेच कोरडी वाळू भरा, काम झाल्यावर जागच्या जागी ओता. नाहीतर 5 लिटरचे कॅन, गोड्या पाण्याने भरले की प्रत्येकी 5 किलो, आणि तेच पाणी नंतर स्टँड धुवायला होतं. पायांखाली प्लायवुडचे तळहाताएवढे तुकडे ठेवले की ते रुतत नाहीत. सड्यावर, जांभ्याच्या कातळावर शूट असेल तर एक पाय वेगळा लांब होणारा स्टँड बरा पडतो. तिथेही चाकं नकोत.

इथवरचं एकत्र करायचं तर हॉलमध्ये चाकं, मांडवात बांधलेला स्टँड आणि हातातला दांडा, किनाऱ्यावर वजन आणि बिनचाकांचे पाय. एकच स्टँड हे तिन्ही करू शकतो, फक्त चाकं निघणारी हवीत.

गॅदरिंगबद्दल थोडंसंच. शाळेच्या पटांगणात प्रेक्षकांच्या बाजूला लाईट ठेवला तर मुलं त्यावर येऊन आदळतात, आणि फ्लॅश पुन्हा पुन्हा उडाला तर नाचणारी लहान मुलं दचकतात. तिथे स्टेजच्या लाईटवर आणि आयएसओवर काम भागवते. स्टँड फक्त बक्षीस समारंभाच्या फोटोंना काढते.

खाऱ्या हवेचं मात्र नीट ऐका, कारण चाकांच्या स्टँडचं आयुष्य तिथे संपतं. वेंगुर्ला-मालवणच्या घरात नुसता ठेवलेला स्टँडसुद्धा गंजतो. क्रोम चढवलेल्या लोखंडी चाकांच्या आसापासून सुरुवात होते. ॲल्युमिनियमच्या पाइपात लोखंडी स्क्रू असेल आणि मध्ये खारं पाणी शिरलं तर तिथे पांढरी भुकटी धरते आणि स्क्रू असा बसतो की पकडीनेही हलत नाही. चाकं स्टेनलेस स्टीलच्या आसाची मिळाली तर थोडे जास्त पैसे द्या. किनाऱ्यावरून आलं की त्याच रात्री गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने सगळा स्टँड पुसायचा, दांडे पूर्ण उघडून, सांध्यांसकट, आणि पंख्याखाली वाळवायचा. ओला स्टँड पिशवीत घालून ठेवू नका. आणि आपल्याकडे घरोघरी असतं म्हणून खोबरेल तेल लावू नका. तेलावर वाळू चिकटते आणि ती दांड्याच्या आत जाऊन पाइप खरवडते. सिलिकॉनचा कोरडा स्प्रे पुरतो. पावसाळ्यात, गणपतीच्या कामांना, चाकांना चिखल लागणारच. तो वाळायच्या आत धुवा.

बाईकचं सांगते. मिटल्यावर 110-120 सेंटिमीटरचा स्टँड पाठीमागे बसलेल्या मुलाच्या मांडीवर आडवा ठेवणं धोक्याचं आहे, घाटात आणि अरुंद पुलावर फार. उभा बांधला तर जमतो. चाकं सुटी करून वेगळ्या पिशवीत गेली तर स्टँडची जाडी निम्मी होते, काढत्या चाकांचा हाही फायदा. कायम चाकांचा अखंड स्टँड मात्र गाडीशिवाय न्यायचा विचार सोडा.

विकत घेताना दुकानातच या गोष्टी करून बघा. आधी तुमच्या सध्याच्या स्टँडच्या पायाचा पाइप मोजा. चाकं विशिष्ट व्यासाच्या पाइपसाठी येतात, 19, 22, 25 मिलिमीटर अशी, आणि एक मिलिमीटरचा फरकही चालत नाही. हार्डवेअरच्या दुकानात व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) असतो, तिथे मोजून मिळेल. तुमचे पाय पत्र्याच्या चपट्या पट्टीचे असतील तर त्यावर ही चाकं बसणारच नाहीत, मग स्टँडच नवीन घ्यावा लागेल. चाकं बसवून पाय पूर्ण उघडा आणि खाली वाकून बघा: ज्या खिळीभोवती चाक गर्रकन वळतं ती सरळ उभी आहे का? ती तिरकी असेल तर चाक एका बाजूला ओढ घेतं आणि स्टँड कधी सरळ चालत नाही. मग तिन्ही ब्रेक लावा आणि दांड्याला कमरेच्या उंचीवर धरून ढकला. चाक फिरायचं थांबलं पण जागेवर वळत राहिलं, तर तो अर्धा ब्रेक आहे. चाक आणि वळण दोन्ही एकदम धरणारा ब्रेक मागा. शेवटी दांडे पूर्ण वर करून वरच्या टोकाला दोन-तीन किलोची तुमची कॅमेरा बॅग लटकवा आणि प्रत्येक गाठीची मूठ फक्त दोन बोटांनी आवळा. दांडा खाली सरकला तर तो स्टँड ठेवून द्या, कारण लग्नात मुठी आवळणार तो तुमचा मुलगा, आणि तोही घाईत.